हॉपरमध्ये अडलेले बेसन आणि साठवणीचे इतर प्रश्न

पावसाळा सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत पीठ, मीठ, मसाले आणि धान्य यांच्या साठवणीविषयीचे प्रश्न वाढतात. पुणे शहर आणि जिल्ह्यातून या महिन्यात आलेल्या अशा पाच प्रश्नांना येथे एकत्र उत्तरे देत आहे. दाणेदार किंवा भुकटीरूप पदार्थ ओतता येतो, म्हणून तो द्रवासारखाच वाहील असे धरून त्याची भांडी आणि कोठ्या बांधल्या जातात, आणि बहुतेक अडचणींचे मूळ या गृहीतकात असते. प्रत्यक्षात त्याचे कण एकमेकांवर व भिंतीवर घासतात, दाबले की घट्ट होतात आणि दाब निघून गेल्यावरही तो घट्टपणा बराचसा टिकवून ठेवतात.

प्रश्न : आमच्या कारखान्यात बेसनाची पाकिटे भरण्याचे काम चालते. दोन टनांच्या हॉपरमधून (खाली निमुळत्या होत जाणाऱ्या, तळाशी तोंड असलेल्या कोठीतून) बेसन स्क्रू कन्व्हेयरवर (फिरत्या मळसूत्राने माल पुढे ढकलणाऱ्या यंत्रावर) पडते. सकाळची पाळी सुरू होताना ते हमखास अडते. कामगार हॉपर हातोड्याने ठोकतात आणि त्यामुळे पत्र्याला पोचे पडले आहेत. व्हायब्रेटर बसवून घेतला, तर अडण्याचे प्रमाण वाढलेच. तोंड गोल आणि सहा इंचांचे आहे. नवा हॉपर करून घ्यावा का? — एक लघुउद्योजक, भोसरी

उत्तर : नवा हॉपर करून घेण्याची वेळ कदाचित येईल, परंतु जुन्याच मापांवर बेतलेला नवा हॉपर घेतला तर तोही असाच अडेल, म्हणून आधी आत काय घडते ते पाहू.

बेसन वरच्या थराच्या वजनाखाली दबले की त्याचे बारीक कण एकमेकांच्या अधिक जवळ येतात. कण साधारण ०.१ मिलिमीटरपेक्षा लहान असले की त्यांच्यातील परस्पर आकर्षण त्यांच्या वजनाच्या तुलनेत नगण्य राहत नाही, आणि बेसनात तेलाचा अंश असल्यामुळे ते आणखी चिकटतात. अशा दबलेल्या पिठाला स्वतःची ताकद येते. हॉपरच्या निमुळत्या भागात ते तोंडाच्या दोन्ही बाजूंना टेकून, जुन्या वाड्याच्या दरवाजावरील कमानीसारखे, वरचा भार पेलून उभे राहते. तोंड जितके रुंद, तितका त्या कमानीतील ताण अधिक. हा ताण पिठाच्या ताकदीपेक्षा मोठा झाला की कमान मोडते आणि पीठ वाहू लागते. लहान राहिला तर ती तशीच उभी राहते.

हा हिशेब नीट मांडण्याचे श्रेय पोलंडमध्ये जन्मलेले आणि पुढे अमेरिकेतील यूटा विद्यापीठात काम करणारे अभियंते अँड्र्यू जेनिके यांना जाते. त्यांनी १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात भुकटीची ताकद मोजण्यासाठी कर्तन चाचणीचे (दाबलेल्या भुकटीचा एक थर दुसऱ्यावरून सरकवायला किती जोर लागतो ते मोजण्याचे) उपकरण आणि त्या मापनावरून हॉपरचा उतार व तोंड ठरवण्याची रीत दिली. ती रीत आजही जगभर वापरात आहे. तिचा अंदाज यावा म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा, दबलेल्या बेसनाची ताकद १ किलोपास्कल, म्हणजे चौरस मीटरला सुमारे १०० किलो भार सोसण्याइतकी निघाली, आणि त्याची घनता घनमीटरला ५०० किलो आहे. अशा पदार्थासाठी गोल तोंडाचा व्यास सुमारे ४० सेंटीमीटर लागतो. तोंड फटीसारखे लांबट असेल तर २० सेंटीमीटर रुंदी पुरते, मात्र त्याची लांबी रुंदीच्या तिप्पट तरी हवी. आपले तोंड १५ सेंटीमीटरचे आहे. आपल्या बेसनाचे नेमके आकडे मोजल्याशिवाय सांगता येणार नाहीत, पण संशयाची सुई कोठे वळते ते यावरून दिसते.

आता सकाळच्या अडण्याविषयी. रात्रभर न हलता पडून राहिलेल्या पिठाची ताकद वाढते, कारण कणांमधील हवा निघून जाते आणि त्यांचे एकमेकांना टेकलेले पृष्ठभाग हळूहळू अधिक जुळत जातात. त्यात जर दळून आलेले पीठ गरम असतानाच हॉपरमध्ये भरले जात असेल, तर त्यातील बाष्प रात्री थंड झालेल्या पत्र्यावर आतल्या बाजूने साचते आणि भिंतीलगतचे बेसन ओलसर होते. पाळी संपताना हॉपर शक्य तितका रिकामा ठेवणे आणि पीठ थंड करूनच भरणे, या दोन गोष्टींना खर्च जवळजवळ नाही. त्या उद्यापासूनच सुरू कराव्यात.

व्हायब्रेटरचे म्हणाल तर तो चुकीच्या वेळी चालत असावा. खालची वाट मोकळी असताना हादरे दिले तर कमान मोडू शकते; वाट बंद असताना किंवा स्क्रू थांबलेला असताना दिले तर तेच हादरे पीठ ठासून भरतात. स्क्रूच्या मोटरशी व्हायब्रेटर जोडून घ्या, म्हणजे स्क्रू फिरत असतानाच, तेही थोड्या थोड्या वेळाने, तो चालेल. हातोडा मात्र पूर्णपणे थांबवला पाहिजे. पत्र्याला बाहेरून पडलेला प्रत्येक पोचा आतल्या बाजूला उंचवटा होतो, त्या उंचवट्यावर पीठ टेकते, ते पाडण्यासाठी पुन्हा ठोकावे लागते, आणि पत्रा दर महिन्याला अधिकच बिघडत जातो.

याहून महत्त्वाची गोष्ट भिंतीच्या उताराची आहे. फॅब्रिकेशनच्या कारखान्यांत हॉपरचा शंकू आडव्या रेषेशी ६० अंशांचा ठेवण्याची सवय आहे. बारीक पिठासाठी हा उतार अनेकदा अपुरा पडतो. गोल हॉपरमध्ये ७० अंश किंवा त्याहूनही अधिक लागतात, आणि शिवाय भिंत गुळगुळीत हवी. उतार अपुरा असला की भिंतीलगतचा माल जागचा हलत नाही, मधोमध नळीसारखी वाट पडते आणि माल तेवढ्यातूनच खाली येतो. म्हणजे सर्वात शेवटी भरलेले पीठ सर्वात आधी बाहेर पडते आणि कडेचे पीठ आठवडेच्या आठवडे तसेच राहते. बेसनाच्या बाबतीत याचा अर्थ खवटपणा, जाळी आणि किडे. कधी ही नळी एकाएकी कोसळते, पिठात हवा मिसळते आणि ते पाण्यासारखे धो-धो वाहून स्क्रूवरून बाहेर सांडते. हाही अनुभव आपल्याला आला असेल. याउलट उतार पुरेसा व भिंत गुळगुळीत असेल तर सगळा माल एकाच वेळी सरकतो आणि जो आधी भरला तो आधी निघतो. खाण्याच्या पदार्थासाठी मी नेहमी या दुसऱ्या प्रकाराचाच आग्रह धरीन, मग हॉपर थोडा उंच झाला तरी चालेल.

स्क्रूही तपासून पाहा. त्याच्या पात्यांमधले अंतर सगळीकडे सारखे असेल तर मागच्या टोकाकडील पहिल्या एक-दोन पात्यांतच तो पूर्ण भरतो आणि पुढच्या भागावरचे पीठ हलतच नाही. त्यामुळे तोंड लांबट करून घेतले तरी प्रत्यक्षात त्याचा थोडाच भाग कामाला येतो. पात्यांचे अंतर पुढे पुढे वाढत जाणारा स्क्रू घेतला तर ही अडचण राहत नाही. सरकता दरवाजा अर्धाच उघडा ठेवून माल कमी-जास्त करण्याची सवयही टाळावी, कारण झाकलेल्या बाजूला साचलेले पीठ तेथून पुढे भिंतीसारखेच वागते. प्रवाह कमी हवा असेल तर स्क्रूचा वेग कमी करावा.

खर्चाचा निर्णय घेण्यापूर्वी एक सोपी चाचणी करता येते. मोजपात्रात ठरावीक वजनाचे बेसन न दाबता भरून त्याचे आकारमान लिहून ठेवा, मग पात्र हलकेच आपटत राहा आणि पीठ आणखी बसेनासे झाले की आकारमान पुन्हा मोजा. पहिल्या आकारमानाला दुसऱ्याने भागल्यावर १.२५ पेक्षा कमी उत्तर आले तर पदार्थ सहसा बरा वाहतो, १.४ पेक्षा जास्त आले तर तो त्रास देणारच, असे धरावे. औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत यासाठी सहसा यंत्र असते. या आकड्यावरून पदार्थाचा स्वभाव कळतो, हॉपरचे माप मात्र ठरत नाही; त्यासाठी कर्तन चाचणी करून घ्यावी आणि ती पावसाळ्यातील ओलाव्याच्या बेसनावरही करावी. चाचणीचा अहवाल हातात आल्याशिवाय पत्रा कापू देऊ नये.

प्रश्न : पाण्याच्या टाकीत उंची दुप्पट केली की तळावरचा दाब दुप्पट होतो. धान्याच्या सायलोतही (उंच, बंद कोठीतही) असेच होते का? — स्थापत्य अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, शिवाजीनगर

उत्तर : होत नाही. जर्मन अभियंते एच. ए. जान्सेन यांनी १८९५ मध्ये प्रयोगांसह याचे गणित प्रसिद्ध केले. धान्य भिंतीला आडवे ढकलते, त्या ढकलण्यामुळे भिंतीवर घर्षण निर्माण होते आणि हे घर्षण धान्याचे वजन थोडे थोडे उचलून धरते. त्यामुळे खोलीबरोबर दाब वाढण्याचा वेग मंदावत जातो आणि अखेर दाब एका मर्यादेपाशी थबकतो.

५ मीटर व्यासाचा सायलो, घनमीटरला ८०० किलो घनतेचा गहू, भिंतीचा घर्षणांक ०.४ आणि आडव्या व उभ्या दाबाचे गुणोत्तर ०.५ धरून गणित करून पाहा. १० मीटर उंचीपर्यंत भरल्यावर तळावर चौरस मीटरला सुमारे ४ टन दाब येतो. २० मीटर भरल्यावर तो केवळ ४.८ टनांच्या आसपास जातो, जेथे तेवढ्याच घनतेच्या द्रवाने १६ टन दाब दिला असता. परंतु येथे समाधान मानून थांबणे धोक्याचे आहे. त्या सायलोत एकूण सुमारे ३१४ टन गहू आहे आणि त्यापैकी तळावर ९४ टनच येतात, तर उरलेले २२० टन वजन भिंतींवर उभ्या दिशेने येते. पातळ पत्र्याची भिंत या भाराने सुरकुतून खाली बसू शकते. पाण्याच्या टाकीचा आराखडा घेऊन त्यात धान्य भरणे म्हणूनच घातक ठरते.

जान्सेन यांचे गणित धान्य स्थिर असतानाचे आहे, हेही प्रकल्पात अवश्य नोंदवावे. खालचे तोंड उघडताच दाबांची मांडणी बदलते आणि भिंतीवर काही ठिकाणी, विशेषतः उभी भिंत संपून शंकू सुरू होतो तेथे, आडवा दाब बराच वाढतो. तोंड मध्यभागी नसून एका बाजूला असेल तर वाहत्या धान्याच्या बाजूचा दाब घटतो, स्थिर धान्याच्या बाजूचा टिकून राहतो आणि गोल सायलो वाकडा होतो. बांधून झालेल्या सायलोला नंतर सोयीसाठी कडेला दुसरे तोंड पाडण्याचा मोह अशा वेळी फार महागात पडतो. भारतीय मानकांपैकी काँक्रीटच्या कोठ्यांसाठी आयएस ४९९५ आणि पोलादी कोठ्यांसाठी आयएस ९१७८ ही दोन आपण मुळातून वाचावीत.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट आपल्याला रुचेल. तोंडातून पडणाऱ्या दाण्यांचा वेग वर किती उंचीचा साठा आहे यावर जवळजवळ अवलंबून नसतो, आणि वाळूचे घड्याळ त्यामुळेच चालू शकते. १९६१ मध्ये संशोधक बेव्हर्लू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की हा प्रवाह तोंडाच्या व्यासाच्या अडीचाव्या घाताच्या प्रमाणात बदलतो. दाण्याच्या मानाने तोंड बरेच मोठे असेल तर व्यास दुप्पट केल्यावर प्रवाह साडेपाच पटींहून अधिक होतो.

प्रश्न : आमच्याकडे मक्याचा सायलो आहे. ओल लागून वरचा थर कडक झाला की एखादा गडी आत उतरून काठीने तो फोडतो. घरचे म्हणतात की हे धोक्याचे आहे. कितपत खरे? — एक धान्य व्यापारी, बारामती

उत्तर : घरच्यांचे म्हणणे पूर्णपणे खरे आहे आणि आपण हे काम आजपासून बंद करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कडक झालेल्या थराखालून धान्य काढले गेले असेल तर तो थर पोकळीवर तरंगत असतो; माणसाच्या वजनाने तो फुटतो आणि माणूस थेट आत जातो. खालचे तोंड उघडे असेल तर धान्य मध्याकडे ओढले जाते आणि उभा माणूस काही सेकंदांत गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत रुततो. धान्यात पोहता येत नाही. श्वास सोडताना छाती जितकी आत जाते तितकी जागा दाणे लगेच भरून काढतात आणि पुढचा श्वास घेणे कठीण होते. कमरेच्या वर रुतलेल्या माणसाला दोरीने ओढून काढण्याचा प्रयत्न करू नये, कारण भोवतालच्या धान्याचे घर्षण त्याला इतके घट्ट धरून ठेवते की ओढण्याने शरीराला इजा होते. प्रथम खालचे तोंड व यंत्रे बंद करावीत, अग्निशमन दलाला बोलवावे, आणि त्या माणसाभोवती पत्र्याचे किंवा फळ्यांचे कडे रोवून त्या कड्यातील धान्य उपसावे. त्याला वाचवण्यासाठी दुसऱ्या कोणी तसेच आत उडी घेऊ नये.

दुसरा धोका हवेचा आहे. ओले धान्य आणि त्यावरची बुरशी प्राणवायू वापरतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. जमिनीतील पेवे वापरणाऱ्या आपल्या जुन्या लोकांना हे ठाऊक होते आणि पेव उघडल्यावर ते लगेच आत उतरत नसत. कीड मारण्यासाठी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वापरल्या असतील तर त्यांतून निघणारा फॉस्फिन वायू अत्यंत विषारी असतो. बंदिस्त जागेत माणूस उतरवण्यापूर्वी घ्यायच्या काळजीचे कलम २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८च्या कारखाने अधिनियमातही होते, ते ३६वे. आणि त्याच्या पुढचेच कलम स्फोटक धुळीविषयीचे होते.

त्या धुळीविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. धान्याची, पिठाची किंवा साखरेची बारीक धूळ हवेत पुरेशी दाट पसरली आणि तिला ठिणगी मिळाली तर तिचा स्फोट होतो. इटलीतील ट्युरिन येथे एका पाववाल्याच्या पिठाच्या कोठारात डिसेंबर १७८५ मध्ये झालेल्या स्फोटाचे वर्णन उपलब्ध आहे. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील पोर्ट वेंटवर्थ येथील साखर कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी झालेल्या स्फोटांत १४ माणसे मरण पावली. अशा अपघातांत पहिला स्फोट अनेकदा लहान असतो. त्याच्या धक्क्याने तुळयांवर आणि फरशीवर साचलेली धूळ हवेत उडते आणि दुसरा, कितीतरी मोठा स्फोट होतो. म्हणून साचलेली धूळ वेळच्या वेळी काढणे, बकेट एलिव्हेटरचा (पट्ट्यावरील बादल्यांनी धान्य वर नेणाऱ्या यंत्राचा) पट्टा आणि बेअरिंग तापू न देणे, आणि भरलेल्या सायलोजवळ वेल्डिंग न करणे हे नियम पाळलेच पाहिजेत.

आपल्या मूळ अडचणीवर उपाय मात्र माणूस उतरवण्यात नाही. मका १३ ते १४ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून मगच भरावा, छपराची गळती बंद करावी आणि सायलोत हवा खेळवणारा पंखा बसवावा, म्हणजे थर कडक होण्याचे कारणच उरणार नाही. तरीही तो झालाच तर बाहेर उभे राहून, वरच्या झाकणातून लांब दांड्याने फोडावा.

प्रश्न : आम्ही तिखट, धने-जिरे पूड, मीठ आणि आमचूर एकत्र करून मसाला विकतो. मिश्रण नीट करूनही एकाच घाण्यातील पहिली पाकिटे तिखट आणि शेवटची खारट निघतात. मिक्सर बदलावा का? — मसाला उत्पादक, मार्केट यार्ड

उत्तर : मिक्सर दोषी नसावा. मिश्रण मिक्सरमध्ये एकजीव होऊन नंतर हॉपरमध्ये पडताना वेगळे होत असण्याची शक्यता अधिक आहे. मसाला वरून पडून ढीग होतो तेव्हा तिखटासारखे बारीक कण मोठ्या कणांमधील फटींतून झिरपून मध्यभागीच थांबतात आणि मिठाचे जाड खडे उतारावरून घरंगळत कडेला जातात. मग वर सांगितल्याप्रमाणे हॉपर मधोमध रिकामा होत असेल तर आधी मधले तिखट येते आणि शेवटी कडेचे मीठ. आपण कळवलेला क्रम याच्याशी तंतोतंत जुळतो.

कणांच्या घनतेतील फरकापेक्षा त्यांच्या आकारातील फरक येथे अधिक महत्त्वाचा असतो. म्हणून मीठ दळून व चाळून पुडीइतकेच बारीक करून घ्यावे. एवढ्यानेच बराच फरक पडेल. मिक्सर आणि पाकीट यंत्र यांच्यातील पडण्याची उंची कमी करावी. कृतीत तेल बसत असेल तर त्याचा अगदी थोडा अंश बारीक कणांना जाड कणांवर धरून ठेवतो. मिश्रण अधिक वेळ फिरवत राहिल्याने मात्र लाभ होईलच असे नाही, काही मिश्रणे जास्त फिरवल्याने पुन्हा वेगळी होऊ लागतात. औषधांच्या गोळ्या करणारे याच कारणाने भुकटीचे आधी रवाळ दाणे करून घेतात, कारण त्यांच्या बाबतीत एका गोळीत औषध जास्त आणि दुसरीत कमी, असे चालू शकत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते, गुळाच्या पावडरीचा दगड होतो, पण साखर त्यामानाने चांगली राहते. असे का? — एक गृहिणी, कोथरूड

उत्तर : हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठ हवेतील पाणी ओढून विरघळू लागते. साखरेसाठी हीच मर्यादा ८५ टक्क्यांच्या जवळ आहे. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ७५ टक्क्यांपलीकडे वरचेवर जाते, म्हणून मीठ आधी ओले होते. जाड्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश असतो आणि तो त्याहून कितीतरी कोरड्या हवेतही पाणी ओढतो. गुळात साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतात, त्यामुळे तोही लवकर ओलसर होतो.

गोळे मात्र ओल सुकताना होतात. दोन कण जेथे टेकतात तेथे साचलेल्या पाण्यात थोडे मीठ विरघळते आणि ऊन पडून हवा कोरडी झाली की तेथेच पुन्हा त्याचा स्फटिक बनून दोन्ही कण सांधले जातात. ओले होणे आणि वाळणे जितक्या वेळा घडेल तितका गोळा कठीण होतो. पाकिटबंद मिठाच्या वेष्टनावर ५३६ हा क्रमांक दिसला तर तो पोटॅशियम फेरोसायनाइडचा असतो. ठरवून दिलेल्या अत्यल्प प्रमाणात ते मिठाच्या स्फटिकांना असे सांधू देत नाही. घरी करण्यासारखे एवढेच, की रोजच्या वापराचे मीठ लहान बरणीत वेगळे काढून मोठा साठा घट्ट झाकणाच्या डब्यात बंद ठेवावा, बरणी गॅसच्या शेगडीजवळ ठेवू नये आणि वाफ येणाऱ्या भांड्यावर धरून त्यातून मीठ घालू नये. गुळाची पावडर पावसाळ्यात थोडी थोडीच आणावी.